समुद्रातलं तेल आणि आपल्या घरातली चिमणी

(सप्टेंबर २०१० च्या अखेरीस संघटनेच्या दोन दिवसांच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. जसे बोलले तसेच, थोडे नीट करून लिहिले आहे. वाडीत वाचून दाखवावे.)



फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की आपले दळीचे दावे अडकलेत, मोजणी नाही, जीपीएसवाला येतो म्हणाला तो आला नाही, आणि ही समुद्रातल्या तेलाचं काय घेऊन बसली? प्रश्न बरोबर आहे. वनदाव्यांवर दुपारी बोलायचंच आहे. पण हा विषय त्याच्यापासून लांबचा नाही, म्हणून सकाळच्या वेळात घेतला.

आपण डोंगरातली माणसं खरी, पण पेण, उरण, पनवेल, अलिबागकडच्या आपल्या कातकरी वाड्यांची पोटं वर्षातले कितीतरी महिने खाडीवर चालतात. बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरून कोळंबी धरतात, चिखलात हात घालून चिंबोऱ्या, निवट्या काढतात, खडकावरची कालवं फोडतात. थोडं घरी खायचं, उरलेलं बाजारात नेऊन तांदूळ, मीठ, मिरची आणायची. आणि ज्या वाड्या खाडीपासून लांब आहेत, त्यांच्या घरात ते तेल रॉकेलच्या बाटलीतून येतं. वीज नाही त्या वाडीत चिमणी पेटते ती कशावर? तेव्हा तेल आपल्या घरात आहे. ते कुठून येतं, कसं येतं आणि येताना काय काय नासवून येतं, हे बघायला पाहिजे.

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर एक जागा आहे, तिला मुंबई हाय म्हणतात. १९७४ साली सागर सम्राट नावाच्या जहाजावरून तिथं छेद घेतला आणि तेल लागलं. १९७६ पासून तेल काढायला सुरुवात झाली. समुद्राच्या तळावर लोखंडी पाय रोवून वर मोठमोठे मचाण बांधलेत, आपण शेतात डुकरं राखायला माळा बांधतो तसे, फक्त ते पाच-सात मजली असतात आणि त्यावर शेकडो माणसं राहतात. तिथून समुद्राच्या तळावरून पाइप टाकून तेल आणि गॅस उरणला आणला. उरणहून तेल मुंबईच्या रिफायनऱ्यांत जातं. गॅस थळच्या खत कारखान्याला जातो, उरणच्या वीज केंद्राला जातो, त्यातलाच काही भाग नागोठण्याच्या कारखान्यात गेला. म्हणजे आपला जिल्हा या तेलाच्या तोंडाशीच बसलाय. युरिया शेतकऱ्याला, वीज मुंबईला, प्लास्टिक सगळ्या देशाला, आणि रिफायनरीत जे रॉकेल निघतं त्यातलं मोजून मापून लिटर आपल्याला. तेही रांग लावून. त्याचा भाव गेल्या २५ जूनला सरकारनं लिटरमागं तीन रुपयांनी वाढवला.

आता हे तेल काढताना धोका कसा होतो ते सांगते. तुमच्यातल्या काहींनी बोअरिंगच्या गाडीवर मजुरी केली आहे. पाणी लागलं की दाबानं कसा फवारा उडतो ते तुम्ही पाहिलंय. समुद्राखालच्या तेलाला आणि गॅसला त्याच्या कितीतरी पट दाब असतो, कारण वर दगडाचे थरच्या थर असतात. तो दाब धरून ठेवायला छेद घेतानाच आत जड चिखल पंप करतात. मग पाइपाच्या बाजूनं सिमेंट भरतात. आणि विहिरीच्या तोंडावर एक भलीमोठी लोखंडी झडप बसवतात, काही बिघडलं तर पाइप चेपून तोंड बंद करण्यासाठी. चिखल, सिमेंट, झडप. या तिन्ही गोष्टी चुकल्या की खालचं सगळं वर येतं.

यंदा २० एप्रिलला अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात हेच झालं. डीपवॉटर होरायझन असं त्या तरंगत्या रिगचं नाव. बीपी या कंपनीची विहीर. तिथं समुद्राचं पाणीच दीड किलोमीटर खोल, आणि तळाखाली आणखी चार किलोमीटर छेद. सिमेंटनं दाब धरला नाही, गॅस वर आला, स्फोट झाला, ११ कामगार मेले. दोन दिवसांनी रिग बुडाली. झडपेनं विहिरीचं तोंड बंद केलं नाही. तेल वाहत राहिलं ते ८७ दिवस. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, सगळ्यात बलवान सरकार, पाण्यात यंत्रमाणसं सोडली, टीव्हीवर रोज ते काळं तेल धुरासारखं बाहेर पडताना दिसत होतं, आणि १५ जुलैपर्यंत कोणाला ते थांबवता आलं नाही. विहीर कायमची बुजवली हे आत्ता १९ सप्टेंबरला जाहीर झालं. त्यांच्याच सरकारच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की ४९ लाख पिंपं तेल विहिरीतून बाहेर पडलं. पिंप म्हणजे १५९ लिटर. हिशोब केला तर ७८ कोटी लिटरच्या आसपास येतं. रस्त्यावर दिसतो तो टँकर बारा हजार लिटरचा धरा. असे पासष्ट हजार टँकर.

तेल फोडायला म्हणून त्यांनी समुद्रात औषध मारलं, सुमारे सत्तर लाख लिटर. त्यानं तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खाली जातात. वरून पाहणाऱ्याला समुद्र साफ दिसतो. मासळीची अंडी, कोळंबीची पिल्लं कुठं असतात? पाण्यातच. आणि अमेरिकेच्या त्या बाजूच्या समुद्रातला एक तृतीयांशाहून जास्त भाग त्या दिवसांत मासेमारीला बंद होता.

आता इथं मी जरा थांबते, कारण पुढचं आपल्या कामाचं आहे. त्या किनाऱ्यावर लुईझियाना नावाचं राज्य आहे. तिथं खाडी-दलदलीत होमा नावाचे तिथले मूळचे लोक राहतात. ते कोळंबी, खेकडे, कालवं धरतात. त्यांच्या पूर्वजांना आतल्या चांगल्या जमिनीवरून हटवत हटवत तिथं समुद्राच्या कडेला आणून सोडलं होतं. पुढं त्या दलदलीखालीच तेल सापडलं. कंपन्यांनी पाइप आणि बोटी न्यायला हजारो किलोमीटर चर खणले, त्या चरांतून खारं पाणी आत शिरलं, गोड्या पाण्यातलं गवत आणि झाडं मेली, आणि जमीन आपोआप विरघळून समुद्रात जायला लागली. स्फोट व्हायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. तेल गळलं नाही तरी जमीन जाते.

या होमा लोकांना त्यांचं राज्य मानतं, पण दिल्लीसारखं जे त्यांचं वरचं सरकार आहे ते 'आदिवासी जमात' म्हणून मानत नाही. त्यांनी अर्ज केला, वंशावळी दिल्या, कागद दिले. १९९४ साली उत्तर आलं की पुरावा पुरेसा नाही. ऐकलंय का हे कुठं? आपल्या दाव्यावर लाल शेऱ्यानं काय लिहून येतं? आणि पुरावा नाही म्हटलं की नुकसानभरपाईच्या रांगेतही मागं. तेल आल्यावर भरपाई कोणाला, तर ज्याच्याकडे मासळी विकल्याच्या पावत्या आहेत त्याला. जी बाई घरी खायला आणि शेजाऱ्याला वाटायला चार खेकडे धरते, तिच्याकडे कसली पावती?

"हे अमेरिकेत झालं, आपल्याकडे थोडंच" असं कोणी म्हणेल. तर आपल्याकडचं ऐका.

१९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायहून उरणला येणारी मोठी पाइपलाइन समुद्रात फुटली. काही हजार टन तेल सांडलं, मुरूडच्या बाजूच्या किनाऱ्याला लागलं. पुढं पाऊस आला, लाटांनी धुऊन नेलं, लोक विसरले.

२००५ चा २६ जुलै कोणी विसरलेलं नाही. महाडकडे दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर घरांवर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायवर काय झालं ते त्या गडबडीत आपल्याकडे कोणाला कळलंही नाही. एका मदत-जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. पावसामुळे हेलिकॉप्टर येईना. म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून तेलाच्या मचाणावर चढवायचं ठरलं. जहाज जवळ आणताना लाटांनी ते मचाणावर आदळलं, गॅसचा पाइप फुटला, पेट घेतला. दोन तासांत सगळं मचाण जळून समुद्रात गेलं. ३६२ माणसं वाचवली, २२ गेली. बोटं कापलेला एक माणूस, खवळलेला समुद्र आणि उघड्यावर असलेला एक पाइप, एवढं पुरलं.

आणि यंदाचा ऑगस्ट. ७ तारखेला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. हे तेल विहिरीतलं नव्हतं, जहाजाच्या टाकीतलं इंधन होतं, हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर कोणी साहेब आपल्याला तिथंच अडवेल. पण किनाऱ्याला लागलेलं तेल कुठल्या टाकीतलं हे तिवराच्या मुळाला कळत नाही. सुमारे ८०० टन तेल सांडलं. काही डबे समुद्रात पडले, त्यांत कीटकनाशकंही होती. घारापुरी, उरण, अलिबागच्या किनाऱ्यावर काळा थर आला. मासे खाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. बाजारात मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही.

तिवराचं झाड तुम्ही पाहिलंय. त्याची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते, ते झाड त्या बोटांनी श्वास घेतं. त्यावर तेल बसलं की श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, आधी पानं पिवळी पडतात, मग महिन्यांनी वाळतं. आणि तिवराच्या मुळातच कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्यांची पिल्लं वाढतात. त्यामुळे नुकसान मोजायला साहेब येतो त्या दिवशी ते दिसतच नाही. ते दोन वर्षांनी आपल्या टोपलीत दिसतं.

समुद्रावरच्या कोळी बांधवांचंही मोठं नुकसान झालं आणि त्यांच्या भरपाईच्या मागणीला आपला पाठिंबा आहे. पण पंचनामा होतो तेव्हा काय विचारतात? होडीचा नंबर, परवाना, सोसायटीचं पुस्तक. आपल्या बायांकडे होडी नाही, परवाना नाही. हात आणि टोपली आहे. जमिनीच्या बाबतीत जसं "कसतोस खरा, पण कागद कुठाय" विचारतात, तसंच खाडीच्या बाबतीत आहे. वनहक्क कायद्यात पाण्यातली मासळी आणि पाण्यातलं इतर उत्पन्न वापरण्याचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. वनखात्याच्या हद्दीतली तिवरं, त्यातले चर आपण वापरत असू तर त्याचाही दावा लावता येतो. खाडीकाठच्या वाड्यांनी सामूहिक दाव्याच्या अर्जात हे लिहिलंय का ते आज दुपारीच तपासा. वैयक्तिक दाव्यांच्या घाईत सामूहिक अर्ज मागं पडतात, आणि बायांचं उत्पन्न बहुतेक सामूहिक अर्जातच असतं.

आता जमिनीवर येऊ. तेल आणि गॅसचा पाइप समुद्रातून निघाला की तो कोणाच्या तरी जमिनीतूनच जातो. त्यासाठी १९६२ चा एक कायदा आहे, पाइपलाइनसाठी जमिनीत वापराचा हक्क घेण्याचा. त्यात जमीन तुमच्या नावावरच राहते. घेतात तो फक्त 'वापराचा हक्क'. ऐकायला बरं वाटतं. पण त्या पट्ट्यावर तुम्ही घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. नाचणी, वरी, भात लावा, पण आंबा लावू नका, काजू लावू नका. खणताना पिकाचं, झाडांचं नुकसान होतं त्याची भरपाई वेगळी, आणि हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. हे सातबारा असलेल्याला. ज्याची दळी आहे, ज्याचा वनदावा अजून उपविभागीय समितीच्या कपाटात आहे, त्याला दहा टक्के तरी कोण देणार? त्याच्या जमिनीतून चर खणताना तो फक्त चर खणायचा मजूर. म्हणून आपले दावे आणि हे तेल हे दोन विषय मी वेगळे मानत नाही.

बाहेरच्या जगात तर याहून वाईट झालंय. आफ्रिकेत नायजेरियात ओगोनी म्हणून लोक आहेत, शेती आणि मासेमारी करणारे. त्यांच्या भागात १९५८ पासून तेल काढलं. शेतातून पाइप, ओढ्यात तेल, आणि गॅस रात्रंदिवस उघड्यावर जाळायचा. त्यांनी संघटना केली, त्यांचा लेखक पुढारी केन सारो-विवा आणि आणखी आठ जणांना तिथल्या लष्करी सरकारनं १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिलं. मागणी काय होती? आमची जमीन साफ करा, आणि आमच्या जमिनीबद्दल आम्हाला विचारा.

मग तेल नको तर काय? इथं मला सरळ बोलायचं आहे. "तेल बंद करा" अशी घोषणा आपण देऊन उपयोग नाही. उद्या रेशनचं रॉकेल बंद झालं तर पहिला अंधार आपल्याच वाडीत होईल, मुंबईत नाही. म्हणून पहिली गोष्ट, दुसरी सोय होईपर्यंत रेशनचं रॉकेल कमी होता कामा नये आणि ही तीन रुपयांची वाढ मागं घेतली पाहिजे. स्वच्छ इंधनाच्या नावानं गरिबाची बाटली काढून घेणं आम्हाला मान्य नाही. ज्यांच्या घरात चार गाड्या आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट, 'स्वच्छ ऊर्जा' असा शिक्का मारून जे जे येतं ते सगळं आपल्यासाठी स्वच्छ नसतं. धरणाच्या विजेला धूर नाही, पण नर्मदेच्या काठचे आदिवासी त्या पाण्याखाली गेले. साक्री तालुक्यात, धुळे जिल्ह्यात, पवनचक्क्यांसाठी डोंगरावरची वनजमीन कंपन्यांना दिली. तिथले आदिवासी त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं कसत होते आणि हक्क मागत होते. वारा स्वच्छ आहे हो, पण त्या चक्कीच्या पायाखाली कोणाची नाचणी होती? रत्नागिरीत जैतापूर-माडबनला अणुवीज येते म्हणतात, तिलाही स्वच्छच म्हणतात, आणि तिथले शेतकरी, मच्छीमार जमिनीचे चेक घ्यायला तयार नाहीत. तेव्हा मी परीक्षा अशी करते, की धूर निघतो का हे बघायचंच, पण जमीन कोणाची, विचारलं कोणाला आणि दिवा कोणाच्या घरात लागणार, हेही विचारायचं.

या परीक्षेत पास झालेलं एक काम महाराष्ट्रातच झालं, ते सांगते. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. सातपुड्यातलं आदिवासी गाव, वीज नव्हती. तिथं नदीला एक धबधबा आहे. केरळहून दोन तरुण इंजिनियर आले, गावकऱ्यांनी आणि आंदोलनाच्या जीवनशाळेतल्या पोरांनी श्रमदान केलं, दगड वाहिले, छोटा बंधारा घातला, चारी काढली. पाणी वळवून टाकीत, टाकीतून पाइपानं खाली टर्बाईनवर, आणि पाणी परत नदीत. कोणाचं शेत बुडालं नाही. १५ किलोवॅट वीज. २००३ च्या जानेवारीत गावात दिवे लागले. १५ किलोवॅट म्हणजे मुंबईच्या एखाद्या मॉलला काहीच नाही, पण घरात एक-दोन दिवे लावले तर आख्खं गाव उजळतं. चालवायची, दुरुस्त करायची, वर्गणी गोळा करायची, सगळं गावच करत होतं.

त्याचं पुढं काय झालं? २००६ च्या ऑगस्टमध्ये सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि ते सगळं वाहून गेलं. लोकांनी स्वतःच्या हातानं केलेली वीज मोठ्या विजेच्या धरणानं बुडवली. मला हे भाषणासाठी रचून सांगावंसं वाटलं असतं तर मी एवढं रचू शकले नसते.

आपल्याकडे बिलगावसारखं होईल का? सगळीकडे नाही. आपले पऱ्या दिवाळीपर्यंत जोरात असतात, पुढं कमी होतात, होळीला दगड दिसतात. ज्या वाडीजवळ पाणी चांगलं उंचावरून पडतं आणि जानेवारीपर्यंत टिकतं, तिथंच त्याचा विचार करा. बाकीच्यांना ऊन आहे. ऊन जेव्हा कमी असतं, पावसाळ्यात, तेव्हा पऱ्या वाहतो, आणि पऱ्या आटतो तेव्हा ऊन कडक असतं, हे आपल्या डोंगराचं बरंच आहे म्हणायचं. केंद्र सरकारनं यंदा जानेवारीत सौर मिशन जाहीर केलंय. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचं बोलतात, त्यातली मोठी वीज तारेतून शहराकडेच जाणार. पण त्यातच खेड्यांसाठी दोन कोटी सौर दिव्यांची गोष्टही लिहिली आहे. ती आपल्या वाडीत कधी येणार हे कागदावर विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

सौर दिव्याचंही खरं ते सांगते. कुठं कुठं दिवे वाटले, फोटो काढले, आणि दोन वर्षांत ते कोपऱ्यात पडले. का? बॅटरी. पत्रा वीस वर्षं टिकतो, बॅटरी तीन-चार वर्षांत जाते, मधे तिच्यात पाणी भरावं लागतं, आणि आत शिसं असतं, ती जुनी झाली म्हणून पऱ्यात फेकली तर तेही विषच. म्हणून दिवा घेताना विचारायचं की बॅटरी बदलायला पैसे कुठून येणार, जुनी कोण परत नेणार, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. वाडीतली एक पोरगी आणि एक पोरगा यांना ते शिकवलं नाही तर दिवा घेऊच नका. आणि चिमणीवर महिन्याला किती जातं याचा हिशोब घरोघरी काढा. रेशनचं किती, महाग दरानं बाहेरून घेतलेलं किती. तेवढेच पैसे वाडीच्या डब्यात टाकले तर बॅटरीचा फंड उभा राहतो का, हे बायांच्या बैठकीत बघता येईल. काही वाड्यांत राहील, काहींत नाही राहणार. तिथं शासनाकडून मागायचं.

चुलीचंही आहे. धुरानं आपल्या आयांचे डोळे गेलेत. त्यावर वेगळी बैठक लावू, कारण तिथं लाकूडफाट्याचा हक्क आणि वनखात्याची दमदाटी हा आणखी एक विषय आहे. मुंबईला वर्षानुवर्षं कोळसा कुठून गेला? आपल्याच जंगलातून, आपल्याच माणसांनी भट्ट्या लावून. आणि जंगल संपवल्याचा आरोपही आपल्यावरच.

आता करायचं काय, ते. वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. ते फारसं कोणी वाचत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दाव्यावर असतं. त्यात लिहिलंय की शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते, आणि त्या यादीत विजेच्या तारा आहेत, अपारंपरिक ऊर्जाही आहे. अट अशी की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे "वनखात्याची जमीन आहे, खांब टाकता येत नाही" हे उत्तर कोणी दिलं तर ते पुरं उत्तर नाही. ग्रामसभेनं ठराव केला का, हा पुढचा प्रश्न आहे. आणि उलट बाजूनं, मोठ्या कंपनीला वनजमीन द्यायची असेल तर तिथले वनहक्क आधी पूर्ण करून ग्रामसभेची संमती घ्यावी असं केंद्राच्या पर्यावरण खात्याचं ३ ऑगस्ट २००९ चं परिपत्रक आहे. त्याची झेरॉक्स प्रत्येक वाडीच्या फायलीत असली पाहिजे, आज इथून नेता येईल.

अडचण माहीत आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. ग्रामसभा पंचायतीच्या गावात भरते, वाडीचा विषय शेवटी येतो तेव्हा निम्मी माणसं उठून गेलेली असतात. वनहक्काच्या ग्रामसभेला दोन तृतीयांश हजेरी लागते, आणि दिवाळी झाली की आपली माणसं वीटभट्टीवर जातात. यंदा दिवाळी ५ नोव्हेंबरला आहे. म्हणजे हातात २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे, आणि फार तर त्यानंतर मागून घेतलेली एक. ती गेली की होळीपर्यंत वाडीत म्हातारी आणि पोरंच.

ठरावाचा मजकूर आम्ही करून आणलाय, तो असा आहे, नीट ऐका आणि बदल सुचवा. एक, वाडीतल्या वीज नसलेल्या घरांची यादी या ठरावाला जोडली आहे, त्यांना बीपीएलखालची मोफत जोडणी किंवा सौर दिवे द्यावेत, बॅटरीच्या देखभालीसह. दोन, कलम ३(२) खाली त्यासाठी लागणारी जमीन देण्याची ही ग्रामसभा शिफारस करते, जागेचा गट नंबर आणि झाडांची मोजणी जोडली आहे. तीन, तोपर्यंत रेशनच्या रॉकेलचा कोटा कमी करू नये. चार, या हद्दीतून कुठलीही तेलाची, गॅसची वा विजेची मोठी लाइन न्यायची असेल तर वनदावे पूर्ण केल्याशिवाय आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय नेऊ नये. खाडीकाठच्या वाड्यांनी पाचवं घालायचं, ऑगस्टमधल्या तेलानं नुकसान झालेल्या, हातानं मासळी धरणाऱ्या बायांची नावं, दिवस आणि अंदाजे उत्पन्न, होडी असो नसो.

नावांची यादी आजपासूनच लिहायला घ्या, ग्रामसभेच्या दिवशी घाईत होत नाही. ठराव वाचून झाल्यावर ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहून घ्या, हजेरीच्या पानावर सह्या-अंगठे झालेत का बघा, आणि नक्कल मागताना अर्जाची पोच घ्या. ज्या वाडीत लिहिणारं कोणी नाही तिनं जेवणाआधी मला सांगा, आमच्यातलं कोणीतरी १ तारखेला मुक्कामाला येईल.